तेलंगांची उलटतपासणी

महादेवपुऱ्याहून कब्बन पार्कला जायचं तर सिंगय्यनपाळ्याला जांभळी मेट्रो पकडायची. रविवारी मी ती पकडतो, आणि पिशवीत बहुतेक एकच पुस्तक असतं : 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट'चा आठवा खंड. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर, १८८२ सालचं. माझ्या प्रतीची बांधणी दोनदा डिंकाने चिकटवून झाली आहे. बागेजवळ कर्नाटक उच्च न्यायालयाची लाल इमारत दिसली की दर वेळी मनात येतं, हे भाषांतर करणारा माणूस मुंबई हायकोर्टातला वकील होता.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म मुंबईत, ऑगस्ट १८५० मध्ये. १८७२ मध्ये वकिली सुरू, १८८९ मध्ये न्यायमूर्ती, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. मध्ये हंटर शिक्षण आयोग आणि मुंबईचं कायदेमंडळ. १८८५ मध्ये मेहता-तय्यबजींसोबत मुंबई प्रेसिडेन्सी असोसिएशन आणि वर्षअखेर गोवालिया टँकजवळ भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. १ सप्टेंबर १८९३ ला निधन. वय अवघं ४३.

मला ओढ आहे ती त्यांनी बिनफीने चालवलेल्या दोन खटल्यांची.

पहिला रामायणाचा. जर्मन पंडित वेबर म्हणत होते की रामायणावर होमरची छाप आहे : सीताहरण म्हणजे हेलनचं हरण, लंकेचा वेढा म्हणजे ट्रॉयचा. वकिलीत नुकत्याच उतरलेल्या तेलंगांनी १८७३ मध्ये पुस्तिका काढून उत्तर दिलं. दोन कथा सारख्या दिसतात एवढ्यावरून एक दुसरीची नक्कल ठरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सिद्ध करायचं ओझं आरोप करणाऱ्यावर, हे कोर्टातलं तत्त्व त्यांनी थेट ग्रंथालयात आणलं.

दुसरा खटला गीतेचा. लोरिन्सर नावाच्या जर्मन विद्वानाला गीतेत बायबलची उसनवारी दिसत होती. तेलंगांनी १८७५ मध्ये गीता निर्यमक इंग्रजी पद्यात आणली आणि तिला त्याचा समाचार घेणारी लांबलचक प्रस्तावना जोडली. आठव्या खंडात त्यांनी काळाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. नवव्या अध्यायात ऋक्, साम, यजु ही तीनच नावं येतात, अथर्व नाही. ज्या ओळीवरून आपण पाठ म्हणताना सहज पुढे जातो, ती त्यांनी साक्षीदारासारखी उभी केली! भाषा, वृत्त, वेदांकडे पाहण्याची दृष्टी असे धागे जोडत ते म्हणतात की गीता इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकानंतरची नाही. आज बहुतेक अभ्यासक तिला इतकी जुनी मानत नाहीत. पण माझ्या लेखी निकालाइतकीच उलटतपासणी मोलाची आहे.

१८८३ मध्ये इल्बर्ट बिलासाठी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ते बोलले. युरोपीय आरोपीचा खटला मुफस्सलातल्या भारतीय न्यायाधीशाने चालवावा की नाही, हा तो वाद. तिथेही तेलंगांनी विरोधकांचे मुद्दे एकेक करून तपासले. त्याच टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर मी मुंबईला गेलो की थोडा वेळ बसतो.

एक गोष्ट मात्र मला फार खुपते. समाजसुधारणेची बाजू घेणाऱ्या या माणसाने १८९३ मध्ये घरच्यांपुढे मान तुकवून आठ वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं. तेव्हाही लोकांनी त्यांना बोल लावला, आणि तो योग्यच होता.

आठवा खंड आजही पुनर्मुद्रणात मिळतो. हाती आला तर भाषांतराआधी प्रस्तावना वाचा, आणि शेजारी नववा अध्याय उघडा ठेवा.