खापऱ्यांची साक्ष

शेत नांगरताना कधी कधी जुनी खापरी वर येते. आपण ती बांधावर टाकतो आणि पुढे जातो. पण जाणता माणूस खापरीलाही बोलते करतो. अशाच खापऱ्यांवरून एका मोठ्या प्रवासाचा शोध कसा लागला, ते आज आपण पाहू.

ही हकिगत प्रशांत महासागरातली आहे. पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा समुद्र. त्यात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू ब्रिटन नावाचे बेट आहे. तिथे हजारो वर्षांपासून माणसे राहत होती. पण त्याच्या फार पलीकडे वनुआतू, न्यू कॅलेडोनिया, फिजी, टोंगा आणि सामोआ ही बेटे आहेत. ती मात्र ओस होती. (१८७९ पासून भारतातले मजूर उसाच्या मळ्यांवर नेले, तेच हे फिजी.) तिथे पहिला माणूस केव्हा गेला? कोठून गेला? त्या लोकांना लिहिणे ठाऊक नव्हते. मग विचारायचे कोणाला?

उत्तर दिले खापऱ्यांनी. १९०९ साली न्यू ब्रिटनजवळच्या वातोम बेटावर ओटो मायर या पाद्र्याला नक्षीच्या खापऱ्या मिळाल्या. पुढे १९५२ साली एडवर्ड गिफर्ड आणि रिचर्ड शटलर या अमेरिकन संशोधकांनी दूरच्या न्यू कॅलेडोनियात खोदकाम केले. पाहतात तो काय, तिथेही तीच नक्षी! त्या जागेचे नाव त्यांनी 'लापिता' असे लिहून घेतले. तिथल्या भाषेतला 'खोदणे' अशा अर्थाचा शब्द नीट ऐकू आला नाही, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. तेच नाव पुढे त्या लोकांना चिकटले.

ही भांडी चाकावरची नव्हेत, हाताने घडवलेली. ओल्या मातीवर कंगव्यासारखा दातेरी ठसा दाबून ठिपक्यांच्या ओळी काढलेल्या. कुठे वेलबुट्टी, कुठे माणसाचा चेहरा. बेटे दूरदूरची, पण रीत एकच.

मग वय कसे कळले? चुलीतल्या कोळशावरून. झाड जिवंत असते तोवर हवेतून एक खास प्रकारचा कार्बन घेते. झाड तुटले, की तो ठरावीक गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजले, की वय निघते. त्यावरून कळले, की सुमारे ३३०० वर्षांपूर्वी ही भांडी न्यू ब्रिटनच्या बाजूला होऊ लागली. सुमारे ३००० वर्षांपूर्वी ती वनुआतू व फिजीला पोचली. मग टोंगा आणि सामोआ.

वनुआतूपासून फिजी सुमारे ८०० किलोमीटर. मध्ये टेकायला जमीन नाही. जवळ होकायंत्र नाही, लोखंडाचा खिळाही नाही. त्यांच्या होड्यांना शीड होते आणि तोल सांभाळायला बाजूला ओंडका बांधलेला होता, असे विद्वान मानतात. आपल्या कोकणात अशा ओंडक्याला उलांडी म्हणतात. तिथला वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि हे लोक निघाले पूर्वेलाच! वेडेपणा वाटतो ना? पण जमीन सापडली नाही, तर परत फिरताना वारा पाठीशी असतो. शहाणपण ते हेच.

ते वाट चुकून गेले असतील का? नाही. त्यांनी बरोबर डुकरे आणि कोंबड्या नेल्या. अळकुड्या नेल्या, केळीचे मुनवे नेले. वाट चुकलेला माणूस मुनवे घेऊन निघत नाही, बरं का! हे लोक संसार मांडायलाच निघाले होते. मात्र त्यांच्या हातून नुकसानही झाले. बेटांवरची मोठी कासवे आणि कित्येक पक्षी थोड्या शतकांतच नाहीसे झाले.

२००३ साली वनुआतूतील तेऊमा येथे यंत्राने माती काढताना एका कामगाराला नक्षीची खापरी दिसली. त्याने ती फेकली नाही. ती जाणत्याच्या हाती गेली आणि तिथे सुमारे ३००० वर्षांची दफनभूमी सापडली. एक कवटी तर मडक्यात जपून ठेवलेली होती. २०१६ साली तिथल्या हाडांतून वंशाची खूण तपासली. त्या लोकांचे नाते तैवान आणि फिलिपिन्सकडच्या लोकांशी जुळले.

मंडळी, या लोकांना अक्षर येत नव्हते, म्हणून ते अडाणी नव्हते. वारा, तारे, लाटा, बियाणे यांची विद्या त्यांच्यापाशी होती. पण ती तोंडी होती. म्हणून आज त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. उरल्या त्या खापऱ्या.

तुमच्यापाशीही विद्या आहे. कोणते बियाणे कोणत्या रानात धरते, कोणत्या वाऱ्याने पाऊस येतो, हे तुम्ही जाणता. आता तुम्हाला अक्षरही आले आहे. तेव्हा ते लिहून ठेवा. तुमच्या नातवंडांना तुमची ओळख खापऱ्यांवरून करून घ्यायला लागू नये.