प्लाझ्मा टीव्ही : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

नागपूरला आमचे एक मामेभाऊ राहतात. २००९ साली बोनस हाती आला आणि उरलेली रक्कम हप्त्यांवर बांधून त्यांनी पन्नास इंची ‘फुल एचडी’ प्लाझ्मा टीव्ही घरी आणला. त्याच दुकानात, त्याच आकाराचा साधा प्लाझ्मा बऱ्याच कमी किमतीला मिळत होता. परंतु ‘साधा घ्याल तर दोन वर्षांत पस्तावाल’ असे विक्रेत्याने सांगितले आणि भाऊंचा निर्धार ढळला. फरकाच्या पैशांत मुलीचा संगणक आला असता, हे वहिनी आजही ऐकवितात. परवा तो संच कायमचा बंद पडला. तेव्हा भाऊंनी मला विचारले, ‘खरे सांग, तेव्हा मी फसलो होतो का?’

वाचकहो, प्लाझ्मा टीव्ही आता कुठेच बनत नाहीत. तरी हा प्रश्न जुना झालेला नाही, कारण टीव्हीच्या दुकानात आजही तीच भाषा चालते.

प्लाझ्माचा पडदा १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो ‘प्लेटो’ या संगणकावरून शिकविण्याच्या यंत्रणेसाठी बनविला. घराच्या भिंतीवर टांगायचा ४२ इंची रंगीत संच बाजारात आला तो १९९७ साली. त्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत पंधरा हजार डॉलरच्या घरात होती. २००८ च्या अखेरीस त्याच आकाराचा, त्याहून चांगला संच तिथे हजार डॉलरच्या आत आला. ग्राहकाला हा आनंदच होता, पण कंपन्यांचा नफा मात्र आटला. मग जास्त पैसे मागण्यासाठी काही तरी कारण हवे होते. ते डब्यावरच्या आकड्यांत सापडले.

पहिला आकडा ठिपक्यांचा. साध्या ४२ इंची प्लाझ्मात आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असत. फुल एचडीत १९२० आणि १०८०. ठिपके दुपटीहून अधिक, म्हणून चित्रही दुप्पट चांगले, असा हिशेब ग्राहकाच्या गळी उतरविला गेला. पण हे ठिपके बघायचे कोणी? माणसाच्या डोळ्यालाच ना! निकोप डोळ्याला दहा फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरहून बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. साध्या ४२ इंची पडद्यावरचा ठिपका तेवढाच रुंद असतो. म्हणजे दहा फुटांवर बसलेल्याला तो ठिपका मुळात दिसतच नव्हता. फुल एचडीचा पूर्ण लाभ हवा असेल तर त्याच आकाराच्या पडद्यापासून साडेपाच फुटांवर बसायला हवे. पन्नास इंचीसाठी साडेसहा फुटांवर. आमच्या भाऊंचा दिवाण पडद्यापासून साडेनऊ फुटांवर आहे. जेवायला बसणारे तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसतात.

आणि समजा जवळ बसले, तरी दाखवायला होते काय? २००९ साली आपल्याकडच्या केबलवरून येणारे चित्र ५७६ ओळींचे होते. डिश अँटेनावर एचडी वाहिन्या आल्या त्या २०१० मध्ये. त्याच वर्षी दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखविल्या. मराठी मनोरंजन वाहिन्यांना एचडीत यायला २०१६ उजाडले. भाऊंचे हप्ते त्याच्या किती तरी आधी फिटले होते! १०८० ओळींच्या पडद्यावर त्यांनी वर्षानुवर्षे ५७६ ओळींच्या मालिका पाहिल्या.

दुसरा आकडा ‘६०० हर्ट्झ’. तो वाचून सेकंदाला सहाशे चित्रे दिसतात असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात प्लाझ्माचा ठिपका एक तर पेटलेला असतो किंवा विझलेला. कमी-अधिक उजेड दाखविण्यासाठी त्याला वेगाने लुकलुकवावे लागते. त्यासाठी प्रत्येक चित्राचे आठ, दहा, बारा भाग पाडतात. सेकंदाची पन्नास चित्रे गुणिले बारा भाग, झाले सहाशे. हे स्वस्तातल्या प्लाझ्मातही होतेच, फक्त भाग थोडे कमी. ‘दहा लाखास एक’ या कॉन्ट्रास्टच्या आकड्याबद्दल तर बोलूच नये. तो कसा मोजायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवीत होती.

विजेचे बिल ही गोष्ट मात्र विक्रेत्याने भाऊंना सांगितली नाही. ठिपके जितके बारीक आणि जास्त, तितक्या त्यांच्यामधल्या भिंती जास्त आणि प्रत्यक्ष उजळणारी जागा कमी. म्हणून तेवढाच उजेड पाडायला त्या काळचा फुल एचडी प्लाझ्मा साध्यापेक्षा जास्त वीज खाई. पन्नास इंची संचाच्या पाठीवर चारशे-पाचशे वॅटचा आकडा छापलेला असे. महागडा संच दर महिन्याला पुन्हा थोडा महाग पडत होता.

मग महागड्या प्लाझ्मात काहीच नव्हते का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. होते, आणि ते पाहणाऱ्याला विसरता येत नाही. ते म्हणजे काळा रंग.

प्लाझ्माच्या पडद्यात दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. विजेचा दाब दिला की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. पण हुकूम मिळताच कप्पा पेटावा म्हणून त्याला सतत थोडे थोडे चेतवत ठेवावे लागते. त्यामुळे चित्रात काळोखी रात्र असली तरी पडदा मंद राखाडी उजेड देत राहतो. स्वस्त संचात हे दिवे मालविल्यावर स्पष्ट दिसे. जपानच्या पायोनियर कंपनीने २००७ आणि २००८ मध्ये जे ‘कुरो’ संच काढले, त्यांत हा चोरटा उजेड जवळजवळ नाहीसा केला. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. रात्रीच्या दृश्यातला काळ्या कोटाचा काठ काळ्या भिंतीपासून वेगळा दिसावा, अशी ती करामत होती. त्यामागे अभियंत्यांचे खरे कष्ट होते आणि त्यासाठी जास्त पैसे मागणे रास्तच होते.

दुसरी खरी गोष्ट पुढच्या काचेवरच्या लेपाची. स्वस्त संचात तो हलका असे. भर दुपारी दार उघडे असले की पडद्यावर चित्रापेक्षा गल्लीच जास्त दिसे. ज्यांचे घर दिवसभर उघडे असते, त्यांनी ठिपक्यांऐवजी या लेपासाठी चार पैसे जास्त मोजायला हवे होते. पण लेपाची चिठ्ठी कोणी डब्यावर चिकटवीत नाही!

गंमत पाहा, ज्यात खरा गुण होता तोच आधी गेला. पायोनियरने फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीचा धंदा सोडण्याचे जाहीर केले. दुकानात डोळे दिपविणारे दिवे असतात. तिथे काळा रंग दिसत नाही, भडक एलसीडीच उठून दिसतो. पुढे पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजीने २०१४ मध्ये प्लाझ्मा बंद केला. आज तसा गडद काळा रंग हवा असेल तर ओएलईडी पाहावा, कारण त्यात प्रत्येक ठिपका पूर्ण विझतो. आणि ५५ इंची पडद्यासाठी कोणी ‘८के’ची थोरवी गाऊ लागला, तर त्याला आधी आपल्या खोलीची लांबी सांगावी.

भाऊंना मी सांगितले, ‘ठिपक्यांच्या बाबतीत तुम्ही फसलात. काळ्या रंगाच्या बाबतीत किती, ते त्या संचावर अवलंबून.’ त्यावर ते म्हणाले, ‘आम्ही दिवा कधी मालवलाच नाही रे. तुझी वहिनी तिथेच भाजी निवडायची.’

येत्या रविवारी ते नवा टीव्ही पाहायला जाणार आहेत. दिवाण ते भिंत हे अंतर वहिनींनी टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे. चिठ्ठी त्यांच्याच पर्समध्ये आहे.