किती घसरावं

इंजिन ओरडतं आणि बोट पळत नाही, तेव्हा पहिला संशय इंजिनावरच जातो. बंगळुरूतल्या हेब्बाळमधल्या एका स्वयंसेवी गटाच्या हवा भरलेल्या बोटीचं तेच झालं होतं. २५ अश्वशक्तीची मोटर, मागच्या फळीला लावलेली. हळू चालवली तर निमूट चालायची. थ्रॉटल अर्ध्याच्या बराच पुढे नेला की सूर एकदम चढायचा, वेग मात्र तेवढाच. थ्रॉटल मागे घेतला की पुन्हा सगळं सुरळीत. एकजण म्हणाला कार्ब्युरेटर. दुसऱ्याने शहराच्या उंचीला दोष दिला. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटर वर, हवा विरळ, त्यामुळे इथे इंजिन कोचीपेक्षा साधारण दहा टक्के कमी ताकद देणार, हे खरंच आहे. पण विरळ हवेने इंजिन दमेल. असं चेकाळणार नाही. ताकद होती, ती पाण्यापर्यंत पोचत नव्हती.

वाटेत ती हरवण्याच्या जागा थोड्याच. गिअर सुटत असता तर खाडखाड ऐकू आली असती. पाण्यातला पंखा हवा ओढत असता तर ते वळणावर किंवा मोटर फार वर बसवल्यावर झालं असतं, मागे फेसही दिसला असता. पात्यांना प्लास्टिक किंवा जलपर्णी गुंडाळलेली नव्हती, कडा थोड्या ठेचलेल्या होत्या इतकंच. उरला मधला हब.

पंखा शाफ्टवर थेट घट्ट बसवलेला असतो असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. शाफ्टच्या खाचांवर पितळेची एक नळी बसते, नळीभोवती जाड रबर असतं, आणि ते रबर पंख्याच्या पोकळ मध्यात दाबून ठोसलेलं असतं. ना खिळा, ना बोल्ट. इंजिनाचा सगळा जोर रबराच्या पकडीतून पात्यांकडे जातो. पातं दगडावर आपटलं तर रबर क्षणभर फिरतं आणि आतले गिअर वाचतात. जुन्या लहान मोटरींमध्ये याच कामाला पितळेची एक पिन असायची. धडकेला ती तुटायची आणि नवी घालेपर्यंत नाव जागच्या जागी. रबर अधिक दयाळू: सुटतं, पण पूर्ण सोडून देत नाही. फक्त ते वरचेवर सुटत राहिलं, तापलं, झिजून गुळगुळीत झालं, की नुसत्या इंजिनाच्या जोरालाही घसरू लागतं.

या बोटीचं रबर कशाने गेलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ती तलावात कमी आणि रस्त्यांवर जास्त चाललेली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये येलहंक्याच्या केंद्रीय विहार वसाहतीत पाणी भरलं, तेव्हा रहिवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. हेब्बाळ तलावाचं जादा पाणी नागवारकडे जातं, येलहंक्याचं जक्कूर आणि रचेनहळ्ळीकडे. मधल्या राजकालुव्या, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, तुंबल्या की ते वाट मिळेल तिकडे पसरतं. अशा पाण्याखाली काय असतं? दुभाजक, फुटपाथची कड, गतिरोधक, कुणाची तरी स्कूटर. समुद्रातली बोट खडक चुकवून जाते; गल्लीतल्या बोटीला दर शंभर पावलांवर खडक. खरं तर तिथे वल्ही मारावीत किंवा दोर धरून कमरेएवढ्या पाण्यातून बोट ओढावी. पण आत म्हातारी माणसं असली आणि अंधार पडत आला की मोटर सुरू होतेच.

संशय पक्का करायची रीत मात्र फार साधी. पंख्याच्या मागच्या तोंडाशी, आतल्या नळीपासून बाहेरच्या धातूपर्यंत, रबर ओलांडून पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारली. शहराबाहेरच्या एका खासगी शेततळ्यात बोट उतरवली, काठावरच्या झाडाला दोराने बांधली आणि मोटर चढवत नेली. प्लगच्या वायरीला लावलेला छोटा टॅकोमीटर ३८०० फेऱ्यांच्या आसपास येईपर्यंत दोर ताणत होता. त्यानंतर आकडा झरझर वर गेला आणि दोर ताणायचा थांबला. मोटर बंद करून उचलली. रेघ दुभंगली होती; बाहेरचा अर्धा भाग पाव फेरा मागे राहिलेला.

पंखा काढण्याआधी किल्ली काढून घेतली, प्लगची वायरही सोडवली. पंख्याजवळ हात घालताना इतकं तरी हवंच. पात्यात लाकडाचा ठोकळा अडकवला, स्प्लिट पिन ओढली, नट सोडला; पंखा हाताने सरकून बाहेर आला. आतल्या नळीभोवती काळी रबराची भुकटी. शाफ्टच्या सीलपाशी नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे होते, पतंगाचा मांजा असावा. असा दोरा सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये शिरतं, म्हणून खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल बोटावर घेतलं. दुधाळ नव्हतं.

बंगळुरूत बोटीचे मिस्त्री कुठे शोधायचे? पण गाड्यांचे बुश दाबणारे गल्लोगल्ली आहेत, आणि लोअर आर्मचा बुश म्हणजे तरी काय, धातूत कोंबलेलं रबरच. हेब्बाळ फ्लायओव्हरच्या पलीकडच्या एका गॅरेजात पंखा नेला. मिस्त्रींनी तो हातात फिरवला, वजन जोखलं, अंगठ्याने रबर दाबलं आणि दखनीत निकाल दिला, "दो बोल्ट मारतूं सार, फिर कभी फिसलताइच नई."

त्यांच्या धंद्यात ते बरोबरच होतं. गाडीचा बुश घसरला म्हणजे काम फसलं. इथे तो योग्य वेळी घसरायला हवा होता, आणि हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. बोल्ट मारले तर पुढच्या दुभाजकाचा दणका थेट गिअरवर जाईल, आणि एका रबराच्या जागी अख्खा खालचा भाग बदलावा लागेल. "मग किती घसरू द्यायचं?" त्यांनी विचारलं. याहून नेमका प्रश्न तोवर आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता.

उत्तर कागदावर काढलं. २५ अश्वशक्ती ५५०० फेऱ्यांवर, म्हणजे इंजिनाशी सुमारे ३२ न्यूटन-मीटर पीळ. गिअर फेरे साधारण निम्मे करतो, म्हणून पंख्यावर ६५ च्या आसपास. एक मीटर लांब पाइपच्या टोकाला साडेसहा किलो लटकवले तर तेवढाच पीळ येतो. मिस्त्रींना कागदापेक्षा पाइप पटला. गटाकडे भंगारातला एक जुना प्रॉपशाफ्ट होता. तो हबात घातला, पंखा गोणपाटात गुंडाळून व्हाइसमध्ये धरला आणि पाइपला वजनं अडकवली. तीन किलोला जुनं रबर तग धरून होतं. थोडं वाढवताच पाइप सावकाश खाली आला. पंख्याला लागणारा पीळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सत्तर टक्के फेऱ्यांना अर्धा पीळ पुरतो. ५५०० चे सत्तर टक्के ३८५०. तळ्यावरचा आकडा गॅरेजात येऊन जुळला, आणि घसरलेल्या हबावर हळूहळू काठ का गाठता येतो तेही कळलं.

नवा हब कोचीहून कुरिअरने आला. त्याआधी जुनं रबर जाळून काढायचा सल्ला एकाने दिला होता. मिस्त्रींनी गॅसची टॉर्च हातात घेतली नाही. ॲल्युमिनियम जास्त तापलं की मऊ पडतं, शिवाय वास दिवसभर जात नाही. जुना हब किती आत बसला होता ते व्हर्नियरने मोजून भिंतीवर खडूने लिहिलं. मग पंख्याखाली पाइपचा तुकडा टेकवला आणि प्रेसने नळी खाली रेटली. रबर कण्हत, फाटत बाहेर आलं. भोक पॉलिश पेपरने घासून कोरडं पुसलं.

नवं रबर भोकापेक्षा ठळकपणे मोठं होतं. तीच तर त्याची पकड. ते आत जायला निमुळतं नरसाळं लागतं. मिस्त्रींनी लेथवाल्याकडून जुन्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यातून करवून आणलं. माझा हात ग्रीसच्या डब्याकडे गेलेला पाहून त्यांनी डबाच उचलून बाजूला ठेवला. तेलाने रबर फुगतं आणि कायमचं निसरडं राहतं. साबणाचं पाणी लावायचं. ते सुकून जातं. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, लोअर आर्मच्या बुशांनी ते कधीच शिकवलं होतं. जॅकचा दांडा ते थांबत थांबत मारत होते. रबर नरसाळ्यात पिळवटून लांब होई, मग थोडं थांबून सरके. खडूच्या आकड्याला पोचताच त्यांनी जॅक सोडला, नळी मधोमध आहे का ते पाहिलं आणि पंखा उद्यापर्यंत फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाइपला साडेसहा किलो लावले, मग तेरा. पाइप हलला नाही. "और डालूं?" मिस्त्रींचा हात पुढच्या वजनावर होता. हब नेमका कुठे सुटतो ते पाहण्याचा मोह मलाही होता, पण ते पाहायचं म्हणजे नवं रबर आजच सोलून ठेवायचं. नको म्हटलं.

शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावलं, कारण तिथे धातूवर धातू असतो, आणि पंखा चढवून नवी स्प्लिट पिन घातली. बोटीच्या पेटीत आता जुना पण शाबूत असा एक जादा पंखा, नट, पिना, पाना आणि लाकडाचा ठोकळा असतो. पुढच्या पावसाळ्यात कुठलातरी दुभाजक भेटणारच आहे. नव्या हबावर मिस्त्रींनी स्वतः पांढरी रेघ ओढली, या वेळी जरा जाड, बॅटरीच्या उजेडातही दिसेल अशी.