‘गोन्सालो’ : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

नंदुरबार जिल्हा नाशिक धर्मप्रांतात मोडतो. शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या खान्देशी गावात बाळासाठी ‘गोन्सालो’ हे नाव सुचविले, तर ऐकणारा ते परके ठरवील. वस्तुतः महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेल्या आणि भारतातील पहिल्या संताचे हे नाव आहे. म्हणून त्याचा उगम सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

नाव पोर्तुगिजांनी येथे आणले खरे, परंतु ते मुळात त्यांचेही नव्हे. पाचव्या शतकात आयबेरियात शिरलेल्या व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांकडून ते तेथे रुजले. मध्ययुगीन लॅटिन लेखांत ‘गुंडिसाल्वुस’ असे रूप आढळते. त्यातील ‘गुंड’ म्हणजे युद्ध. (मराठीतील ‘गुंड’शी त्याचा संबंध नाही, हे सांगितलेले बरे!) उत्तरपदाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; लॅटिनमध्ये मात्र त्याला ‘साल्वुस’, म्हणजे सुखरूप, या शब्दाचे रूप मिळाले. पित्याच्या नावाला प्रत्यय जोडून आडनाव करण्याची पोर्तुगीज प्रथा होती. गोन्सालोचा पुत्र तो गोन्साल्विस. वसई व गोव्यातील गोन्साल्विस कुटुंबे हे नाव पिढ्यानपिढ्या वाहत आहेत.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीतील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या सान्निध्यात ते वाढले व तरुणपणीच जपानला गेले. तेथे त्यांनी धर्मशिक्षकाचे कार्य केले, पुढे व्यापारही केला. नंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते जपानला परतले, ते दुभाषी म्हणून. जपानी भाषा त्यांना उत्तम अवगत होती. नावात युद्ध असलेल्या या पुरुषाचे बळ ते हेच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

बाळाला संताचेच नाव द्यावे काय? १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार पालकांनी तसे न केल्यास धर्मगुरू संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहीत. १९८३ च्या संहितेत (कलम ८५५) एवढेच म्हटले आहे की, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. त्यामुळे वाडवडिलांकडून आलेले नाव ठेवणाऱ्या आदिवासी कुटुंबाची श्रद्धा उणी ठरत नाही. परंतु गोन्सालो हे नाव केवळ परके म्हणून टाळले जात असेल, तर ते कारण आम्हाला पटत नाही. योहान हे नाव हिब्रू, थोमा अरामी. त्यांना आपण कधी परके म्हटले नाही.

रोमन दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीचा स्मरणदिन ‘संत पॉल मिकी व सहकारी’ या शीर्षकाखाली येतो. वसईचे गोन्सालो त्या सहकाऱ्यांत आहेत.