कुकरचा व्हॉल्व्ह आणि आगगाडीचे इंजिन

कुकरात पाणी घालायचे राहून गेले, की झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफ फुसकन बाहेर पडते. नवा व्हॉल्व्ह आणावा लागतो म्हणून चरफड होते. पण तो वितळला म्हणूनच कुकर फुटत नाही. हीच युक्ती आगगाडीच्या इंजिनाने दोनशे वर्षांपूर्वी शिकली, तीही चार जीव गमावल्यावर.

पाण्याची मोकळी वाफ झाली, की तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती कोंडली की दाब वाढतो. रुळांवर चालेल इतके लहान, तरीही ताकदवान इंजिन बांधायचे तर जास्त दाबाची वाफ हवी, हे इंग्लंडच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने ओळखले. मात्र १८०३ मध्ये ग्रिनिच येथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार जण ठार झाले. इंजिन सांभाळणारा मुलगा जागेवर नव्हता.

माणूस चुकणारच, हे ट्रेव्हिथिकने गृहीत धरले. पुढच्या बॉयलरला त्याने दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिशाची एक गुडदी बसवली. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. गुडदीवर पाणी असेपर्यंत ती तेवढी तापत नाही. पाणी आटले की ती वितळते, वाफ सुटते आणि धोका कळतो. १८०४ मध्ये त्याच्या इंजिनाने वेल्समध्ये दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे रुळांवरून ओढून नेली.

आसेगाव ज्या मंगरुळपीर तालुक्यात आहे, त्याच्या शेजारच्या कारंजातून मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ धावायची. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढले. वाफेच्या अशा इंजिनांत चालकाची नजर कायम पाण्याच्या काचनळीवर असे. भट्टीच्या माथ्यावरचे पाणी आटले, तर तिथला पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि दाबाखाली फाटतो.

गुडदीवर क्षारांचा थर बसला तर तिचा भरवसा राहत नाही, म्हणून ती वेळोवेळी तपासून बदलत. घरच्या कुकरलाही हाच नियम लागू पडतो. शिट्टीचे भोक साफ ठेवावे, पाणी मोजून घालावे आणि व्हॉल्व्ह गेला तर त्याच कुकरसाठीचा नवा बसवावा. त्या जागी नट किंवा स्क्रू ठोकणे म्हणजे १८०३ चा बॉयलर गॅसवर ठेवणे.