लांब नळीची एसएलआर आणि झाडीपट्टीचं रान

झाडीपट्टीतल्या गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मुंबई-हावडा लोहमार्ग सालेकसा ओलांडून दरेकसाच्या डोंगरात शिरतो. इथून पुढे छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, दक्षिणेला देवरी आणि अर्जुनी मोरगावची जंगलं ओलांडली की गडचिरोली. साग, मोह आणि बांबूचं हे रान. पावसाळा सरता सरता बांबूची बेटं एवढी दाटतात की समोरचा माणूस काही पावलांवरही दिसत नाही. पण रान संपून धानाच्या बांध्या लागल्या की नजर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत मोकळी जाते. तीन राज्यांच्या या सांध्यावर माओवादी दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, वावरू लागली, तेव्हापासून पोलिसाच्या हातात कोणती रायफल असावी हा प्रश्न इथे थेट जिवाशी निगडित झाला. त्या प्रश्नाचं सर्वांत जुनं आणि अजूनही पुरतं न सुटलेलं उत्तर म्हणजे एसएलआर, सेल्फ लोडिंग रायफल. सरकारी नोंदीतलं तिचं नाव ७.६२ मिलिमीटर १ए१.

ही रायफल मुळात बेल्जियमची. एर्स्ताल गावच्या एफएन कंपनीत द्यूदोने सेव्ह या आरेखकाने दुसऱ्या महायुद्धानंतर ती घडवली. पहिल्या आराखड्यात तिचं काडतूस लहान होतं, त्यामुळे रायफलही आटोपशीर होती. पण नाटो देशांनी एकच काडतूस ठरवताना अमेरिकेच्या आग्रहाने ७.६२ बाय ५१ हे दणकट काडतूस पुढे आलं आणि १९५४ मध्ये ते पक्कं झालं. त्या काडतुसाबरोबर रायफलही वाढली. एसएलआरच्या मीटरहून अधिक लांबीचं आणि सव्वाचार किलोहून जास्त वजनाचं कारण त्या एका निर्णयात आहे. पुढे जगातल्या नव्वदच्या आसपास देशांनी ही रायफल या ना त्या रूपात वापरली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनी सैनिक एकाच घराण्यातल्या रायफली घेऊन समोरासमोर आले.

आपल्याकडे ती आली ती १९६२ च्या चीन युद्धाच्या जखमेतून. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, थंडीत आपले जवान .३०३ घेऊन लढले. ती रायफल नेमाला चोख, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा. आपोआप भरणारी रायफल देशातच बनली पाहिजे, हे त्या युद्धाने निर्विवाद केलं. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेतल्या अभियंत्यांनी परदेशी नमुने खोलून, मोजून, भारतीय आराखडा तयार केला आणि पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात उत्पादन सुरू झालं. त्या पिढीचा हात एका बारीकशा गोष्टीत आजही दिसतो. इशापूरच्या एसएलआरच्या लाकडी दस्त्याला मागे जी धातूची पट्टी आहे, ती जुन्या .३०३ चीच. तिच्या झाकणाआड तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी ठेवायची जागाही तशीच. जे चांगलं होतं ते टाकलं नाही. १९७१ च्या युद्धात हीच रायफल आपल्या पायदळाच्या खांद्यावर होती.

तिची आतली रचना समजून घेण्यासारखी आहे. गोळी नळीतून पुढे धावत असताना तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या वरच्या छिद्रातून निघतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन ब्लॉकच्या वाहकाला धक्का देतो. तोवर ब्रीच ब्लॉकची मागची बाजू चौकटीतल्या कडेवर झुकून अडकलेली असते. वाहक मागे सरकला की ती उचलली जाते, कुलूप उघडतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलते आणि वीस गोळ्यांच्या मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत जाते. हे सगळं क्षणार्धात होतं. पण पुढची गोळी सुटायला ट्रिगर पुन्हा दाबावाच लागतो. धूळ-काजळी साचून रायफल मंदावली तर वायूचा रेग्युलेटर फिरवून पिस्टनला जास्त जोर देता येतो. जंगलातल्या चिखलात ही सोय मोलाची ठरते. सफाईसाठी रायफल मधोमध मोडते, म्हणजे दस्ता खाली वाकतो आणि आतले भाग हातात येतात. नवशिक्या शिपायालाही ते लवकर जमतं.

पण एक अडचण याच रचनेत आहे. परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आत बसवलेली असते. त्यामुळे दस्ता घडी करता येत नाही. छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या दस्त्याची आवृत्ती काढायची झाली तेव्हा एफएनला स्प्रिंगची जागाच बदलावी लागली. साध्या एसएलआरला लांब असण्यावाचून इलाज नाही.

आता हीच रायफल घेऊन सालेकशाच्या बांबूत शिरा. लांब नळी वेलीत अडकते. वाकून नाला ओलांडताना दस्ता मागच्याला लागतो. नाटोचं एक काडतूस साधारण चोवीस ग्रॅम, एसएलआरनंतर आलेल्या इन्सास रायफलीचं ५.५६ चं त्याच्या निम्मं. म्हणजे शंभर गोळ्यांमागे जवळजवळ सव्वा किलो जास्त. पाणी, कोरडा शिधा, बिछाना पाठीवर घेऊन दोन-तीन दिवस गस्त घालणाऱ्या पोरांच्या कमरेला तो सव्वा किलो जाणवतो. शिवाय चकमक झालीच तर अगदी जवळून, अचानक होते. तिथे पहिल्या काही क्षणांत किती लवकर रायफल वळवता आली यावर सगळं असतं, आणि आखूड, तीस गोळ्यांच्या मॅगझिनची एके-४७ तिथे उजवी ठरते. गडचिरोलीत १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या आणि पुढे गोंदियातही काम करणाऱ्या सी-६० या माओवादविरोधी पोलीस पथकांच्या हातात एके दिसते, त्यामागे हेच कारण आहे.

तरी एसएलआरला मोडीत काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. सशस्त्र दूरक्षेत्राच्या मोर्चात, वाळूच्या पोत्यांमागे उभ्या असलेल्या संत्र्यासमोर मोकळं मैदान असतं. तिथे लांबी आड येत नाही, वजन जमिनीवर टेकलेलं असतं आणि चारशे-पाचशे मीटरवरही गोळीचा जोर टिकतो. त्या काडतुसाची ताकद एके-४७ च्या काडतुसाच्या दीडपटीहून अधिक आहे. झाडाच्या बुंध्याआड लपलेल्याला ५.५६ ची गोळी जेवढं अभय देते, तेवढं ही देत नाही. अर्थात हाच जोर बाजारात, यात्रेत धोक्याचा होतो. माघी पौर्णिमेला दरेकसाजवळच्या कचारगडच्या गुहेकडे गोंड बांधवांची रीघ लागते. अशा गर्दीच्या बंदोबस्तात गोळी कुठे जाऊन थांबेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हातात एसएलआर देऊ नये.

कवायतीच्या मैदानावर मात्र तिला अजून जोड नाही. बिरसीच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १५ पासून ते एखाद्या पोलीस मुख्यालयापर्यंत, सलामी शस्त्राच्या हुकुमावर उभी राहिलेली ती लांब, लाकडी दस्त्याची रायफल पाहिली की रांग खरोखर रांग वाटते.

या रायफलीची दुसरी, दुःखाची बाजूही आहे. माओवाद्यांनी मध्य भारतात पोलिसांवर हल्ले करून, शस्त्रागारं लुटून जी हत्यारं नेली, त्यांत एसएलआर ठळक होती. खेड्यातल्या भरमार बंदुकीवर सुरू झालेली दलमं अशा लुटीतून बळावली. जप्ती आणि शरणागतीच्या याद्यांत एके-४७, इन्सास, एसएलआर ही तीन नावं सतत शेजारी शेजारी येतात. देशाच्या कारखान्यात बनलेली रायफल देशाच्याच शिपायावर रोखली गेली. शस्त्रागाराचं कुलूप, कोतातली नोंद आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब ही शुष्क कागदी कामं वाटतात, पण या भागात त्यांच्यावर माणसं जगली-मेली आहेत.

खासगी परवान्याबद्दल थोडक्यात. शेतात रानडुक्कर येतं म्हणून ‘पोलिसांसारखी’ रायफल मिळेल का, असं विचारणारे भेटतात. मिळत नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार .३०३ किंवा ७.६२ ची सैनिकी काडतुसं चालणाऱ्या रायफली, बोल्टच्या असोत की अर्धस्वयंचलित, निर्बंधित शस्त्रांत मोडतात. ते योग्यच आहे. तीन किलोमीटरपलीकडेही इजा करू शकणारी गोळी बांधीच्या राखणीला नको.

सैन्याने एसएलआर सोडून नव्वदच्या दशकात इन्सास घेतली, ती हलकी म्हणून. पण २०१९ मध्ये सैन्यासाठी ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या गेल्या, आणि त्यांचं काडतूस तेच जुनं ७.६२ बाय ५१ होतं. नळी मात्र आखूड. सत्तर वर्षांपूर्वीच्या काडतुसाचा जोर आणि आजच्या रानाला मानवणारी लांबी, असा तो मेळ आहे. पुण्यात आराखडा करणाऱ्यांची काडतुसाची निवड चुकली नव्हती, हे यातून पुन्हा दिसलं.

म्हणून माझं मत असं. गस्तीला जाणाऱ्या पथकाला एसएलआर देऊ नये. मोर्चा, पहारा आणि प्रशिक्षण यांसाठी ती ठेवावी, पण ठेवायची तर नीट ठेवावी. झिजलेल्या नळ्या बदलाव्यात, थकलेल्या स्प्रिंगा काढाव्यात, चेपलेली मॅगझिनं फेकून द्यावीत. आणि चांदमारीवर शिपायाला मोजक्या गोळ्या देऊन परत पाठवू नये. काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात बनतात, तोफा-बंदुकांना लागणारी प्रणोदक दारू शेजारच्या भंडाऱ्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बनते. तिथे २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात कामगारांनी जीव गमावला. एवढ्या मोलाने बनणारा दारूगोळा सीमेवरच्या दूरक्षेत्रांतल्या पोरांच्या सरावाला कमी पडता कामा नये. गृह विभागाने नव्या रायफलींच्या खरेदीइतकीच तरतूद सरावाच्या काडतुसांसाठी करावी.