शेजारच्या देशातील जुलूम आणि आपले सैन्य

एखादा राज्यकर्ता आपल्याच प्रजेचा संहार करीत असेल, तर शेजारच्या राष्ट्राने त्याला पदच्युत करावे काय? या प्रश्नाचा विचार करताना पूर्व आफ्रिकेतील १९७९ सालचे उदाहरण उद्बोधक ठरते.

युगांडात इदी अमीनने १९७१ साली सत्ता बळकावली. पुढच्याच वर्षी त्याने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. त्यांत गुजराती व्यापाऱ्यांबरोबर गोमंतकीय कुटुंबेही होती. स्वदेशीयांच्या तर कत्तली झाल्या. तथापि आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या १९६३ च्या सनदेनुसार परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप वर्ज्य होता. इतकेच नव्हे, तर १९७५ साली त्याच संघटनेचे अध्यक्षपद अमीनकडे आले.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या फौजा टांझानियात घुसल्या आणि कागेरा नदीच्या उत्तरेचा मुलूख त्याने आपल्या राज्यास जोडल्याचे जाहीर केले. अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी आक्रमण परतविले. परंतु त्यांचे सैन्य सीमेवर थांबले नाही. युद्धे दोन आहेत, अशी त्यांची भूमिका होती : टांझानियाचे युद्ध स्वसंरक्षणाचे, आणि युगांडाच्या जनतेचे युद्ध अमीनला हटविण्याचे. ११ एप्रिल १९७९ रोजी कंपाला पडले. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या युद्धाचा भारही मुख्यतः टांझानियाच्या सैनिकांनीच वाहिला. त्याच वर्षी मनरोव्हिया येथील परिषदेत सुदान व नायजेरिया यांनी या कृतीवर टीका केली. आज एका जुलमी राजाविरुद्ध वापरलेला मार्ग उद्या कोणीही बलवान कोणाही दुर्बलाविरुद्ध वापरील, ही भीती निराधार म्हणता येणार नाही.

पुढे काय झाले? युसूफ लुले यांचे सरकार अवघे ६८ दिवस टिकले. डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर मिल्टन ओबोटे पुन्हा सत्तेवर आले, आणि देश यादवीत लोटला गेला. ती राजधानीपुरती शमली जानेवारी १९८६ मध्ये, जेव्हा योवेरी मुसेवेनी यांनी कंपाला घेतले.

म्हणून अमीनला हटविणे चूक होते, असे ठरत नाही. आक्रमण त्यानेच केले होते, आणि त्याला मोकळा सोडणे म्हणजे त्याच्या प्रजेस पुन्हा त्याच्या हाती देणे होते. परंतु जुलमी सत्ता उलथविणारा जुलमानंतरच्या अराजकाचीही काही जबाबदारी शिरावर घेतो. शत्रूला सिंहासनावरून खाली ओढणे सैन्याला साधते. त्या जागी न्याय बसविणे हे त्या देशाच्या जनतेचेच काम असते, आणि त्यासाठी तिला अवसर मिळावा लागतो.